स्क्वाड्रनचं एक पान, वळ गावात

भिवंडीला कुणी फिरायला जात नाही. वाईच्या स्टँडवर पहाटेच्या कल्याण गाडीची वाट बघत बसलो होतो, तेव्हा आमच्या आळीतले बापट गुरुजी भेटले.

"कुठे निघालात?"

"भिवंडीला."

गुरुजींनी आवाज खाली आणला. "कोण आजारी आहे का?"

"कुणी नाही. सहज चाललोय."

त्यांचा विश्वास बसला नाही. गाडी सुटेपर्यंत ते खिडकीखाली उभे राहून माझ्याकडे काळजीने बघत होते. अर्थात 'सहज' हे काही खरं नव्हतं.

मी बावीस वर्षं वायुदलाच्या एका वाहतूक स्क्वाड्रनमध्ये फ्लाइट इंजिनिअर होतो. तांदूळ, रॉकेल, पत्रं, जवान, आजारी माणसं, खेचरांचा चारा, जे काही कुठे पोहोचवायचं असेल ते आम्ही विमानात घालून पोहोचवत असू. लढाऊ विमानवाले आम्हाला हमाल म्हणायचे. आम्हीही ते नाव आनंदाने लावून घेतलं होतं. आमच्या मेसच्या दारावर कुणीतरी खडूने 'हमालखाना' लिहिलं होतं. पावसाने ते पुसलं की दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुन्हा लिहून ठेवी.

आता स्क्वाड्रनच्या जुन्या माणसांचा मेळावा भरायचा आहे आणि त्यानिमित्त आपल्या इतिहासाचं एक छोटं पुस्तक छापायचं असं ठरलं. ते काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे असा सगळ्यांचा जुना समज आहे. वर्षभर पत्रं आणि फोन करून मी आठवणी जमवल्या. सुरुवातीचे तंबूतले दिवस. दुसऱ्यांनी वापरून दिलेली दोन इंजिनांची विमानं, ज्यांच्या छपरातून पावसाळ्यात पाणी गळे आणि को-पायलट मांडीवर ताट धरून बसे. मग आलेली चार इंजिनांची मोठी विमानं. डोंगरातल्या चौक्या. पुरात बुडालेल्या गावांवर टाकलेली पुऱ्यांची आणि चण्यांची पोती. सगळं जुळत गेलं. एका पानावर मात्र मी अडलो.

त्या पानासाठी जुन्या नोंदीतलं एकच वाक्य हाती आलं होतं. 'लोडमास्टरच्या घाईमुळे एक खेप दरीत पडली.' लोडमास्टर म्हणजे विमानात माल चढवणारा, बांधणारा आणि वेळ आली की दाराबाहेर ढकलणारा माणूस. त्या दिवशीचा आमचा लोडमास्टर होता नामदेव भोईर, राहणार वळ, तालुका भिवंडी. ते वाक्य पुरतं खरं नाही हे आज हयात असलेल्या दोनच माणसांना ठाऊक आहे. एक भोईर आणि दुसरा मी.

भोईरचा नंबर मिळाला होता. मुलगा म्हणाला, "बाबा, फोनवर विचारा ना." पण मला विचारायचं नव्हतं, सांगायचं होतं. फोनवर मी भोईरला एवढंच म्हटलं, "मी साठे. भेटायला येतोय." तो म्हणाला, "ये," आणि पत्ता सांगितला. चाळीसेक वर्षांनी आम्ही बोललो ते एवढंच.

खंबाटकीचा बोगदा मागे पडला आणि पुणं येईपर्यंत मी तो दिवस पुन्हा एकदा मनात लावून पाहिला. तुम्हालाही तो आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी भिवंडीला का निघालो होतो ते कळेल.

डोंगरातल्या एका उंच चौकीला आठ दिवस रसद पोहोचली नव्हती. ढग हलत नव्हते. नवव्या दिवशी सकाळी तासाभरापुरतं आभाळ उघडलं आणि आम्ही निघालो. चौकीपुढची मोकळी जागा शाळेच्या मैदानाएवढी, तिन्ही बाजूंना कडे. तीन फेऱ्या मारायच्या आणि दर फेरीला पॅराशूटची छत्री बांधलेली एक खेप टाकायची. दोन खेपा नीट पडल्या. तिसरी दारात अडकली, अर्धी आत आणि अर्धी बाहेर. शेपटीकडे असं वजन लोंबकळलं की विमानाचं नाक वर उठायला लागतं आणि वेग पडत जातो. समोर डोंगर होता. दोघे पायलट दांडा पुढे रेटून बसले होते. त्यांना मागचं काही दिसत नव्हतं. मी कॉकपिट आणि माल यांच्या मधल्या दारात उभा होतो. भोईर पार मागे, खेपेपाशी. कमरेचा पट्टा आणि हेडफोनची वायर तिथपर्यंत पुरेना म्हणून त्याने दोन्ही काढून टाकलं होतं. खाली उघडं दार, हातात सुरी. खेप धरून ठेवणारा दोर कापायचा तर हुकूम कॅप्टनचाच हवा, असा नियम. मी ओरडलो, "काप." दोर तुटला, खेप गेली आणि आम्ही कड्याच्या अंगाला घासून जावं तसे निसटलो.

पुढे चौकशी झाली. दोर कापायचा हुकूम कुणी दिला, असा प्रश्न आला. भोईर म्हणाला, "कुणी नाही. मी माझ्या मनाने कापला." मी त्याच्या शेजारी उभा होतो. मला पुढच्या महिन्यात बढतीच्या कोर्सला जायचं होतं. मी गप्प राहिलो. भोईरच्या कागदांत लाल शाईचा शेरा पडला, त्याची बढती लांबली आणि थोड्याच दिवसांत त्याची बदली दुसरीकडे झाली. जाताना तो माझ्याशी हात मिळवून गेला होता. ते मला जास्त जड गेलं.

कल्याणला उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. स्टँडबाहेर भिवंडीच्या शेअर रिक्षा उभ्या होत्या. चौथा माणूस म्हणून मी ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या सीटवर बसलो. दुर्गाडीची खाडी ओलांडली आणि लगेच कोन आलं. तिथे ट्रकांच्या रांगेत रिक्षा अडकली, तेव्हा ड्रायव्हरने इंजिन बंद करून सगळ्यांना चहा प्यायला उतरवलं.

"चाचा, पहली बार आये?" त्याने विचारलं.

"हां. वळला जायचंय. वळगाव."

"वळ में किधर? कौनसा गोडाऊन?"

"गोडाऊन नाही. घर."

त्याला हसू आलं. "वळ में घर पूछनेवाला आप पहला आदमी."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मानकोलीच्या नाक्याजवळ मी उतरलो आणि बघतच राहिलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या-पांढऱ्या पत्र्यांची गोदामं, एकाला लागून दुसरं, नजर पोहोचेल तिथपर्यंत. मध्येच एखादा भातकापणी झालेला शेताचा तुकडा, त्यात शेंगांवर आलेले वालाचे वेल आणि कडेला पाण्यात शांत उभी म्हैस. भोईरने लिहून घ्यायला सांगितलेला पत्ता मी चुकीचा लिहिला होता. 'आठव्या गाळ्याच्या मागे' असं त्याने सांगितलं होतं, ते मी 'गाळा आठ' असं लिहिलं. भिवंडीत गाळा म्हणजे गोदामाचा एक भाग. आठ नंबरचे गाळे त्या भागात किती आहेत ते मी पायी हिंडून शोधलं. एकात टीव्ही होते, एकात लहान मुलांचे लंगोट, तिसऱ्यात नुसत्या रिकाम्या खोक्यांची खोकी. चौथ्याच्या गेटवर वॉचमनने मला वहीत नाव लिहायला लावलं, छातीवर 'व्हिजिटर' लिहिलेला कागद चिकटवला आणि आत सोडलं.

आत एक पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी पिवळं जाकीट घालून एका ट्रकच्या तोंडाशी उभी होती. "जड मागे नको, जड मागे नको, एक्सलवर येऊ दे," असं ती चार माणसांना सांगत होती. मी नकळत थांबलो. आमच्या विमानात मी हे वाक्य हजारदा ऐकलं होतं.

"काका, कोण पाहिजे?"

"नामदेव भोईर."

"इथे अर्धा गाव भोईर आहे. त्यात नामदेव चार. कुठला?"

"वायुदलात होते ते."

तिने जाकिटाची चेन खाली ओढली आणि हसली. "म्हणजे पायलटआजोबा. माझेच आजोबा. तुम्ही साठेकाका ना? सकाळपासून चिंबोऱ्या आणून ठेवल्यात तुमच्यासाठी."

तिचं नाव ऋतुजा. तिची लंच ब्रेकची वेळ झाली होती. स्कूटरवर मागे बसवून तिने मला गावात नेलं. छातीवरचा 'व्हिजिटर' कागद काढायला मी विसरलो आणि तसाच भोईरच्या दारात उतरलो.

भोईर अंगणात खुर्ची टाकून बसला होता. केस पांढरे झालेले, पण खांदे तेच, पोत्याखाली घालायला तयार असल्यासारखे. त्याने माझ्या छातीकडे बघितलं आणि म्हणाला, "व्हिजिटर. म्हंजे मुक्काम करनार न्हाय वाटतं."

"करणार आहे," मी म्हटलं.

"मग काड तो कागुद."

त्याच्या बायकोला मी लीलावहिनी म्हणायचो. स्क्वाड्रनच्या क्वार्टरमध्ये त्यांच्या हातचं खूप खाल्लंय. त्यांनी पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाल्या, "भावजी, किती सुकलाव. वाईला जेवान भेटत न्हाय काय?" माझं वजन ऐंशी किलो आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

जेवायला तांदळाची भाकरी, चिंबोऱ्यांचं (खेकड्यांचं) कालवण, सुकट (वाळवलेली बारीक कोलंबी) आणि वालाची उसळ. चिंबोरी फोडायची कशी हे मला भोईरनेच शिकवलं होतं, आसामातल्या एका तळावर, तिथल्या ओढ्यातले खेकडे आणून. इतक्या वर्षांत मी ते विसरलो होतो. एक नांगी हातातून निसटून थेट ऋतुजाच्या ताटात गेली.

"ड्रॉप चुकला," भोईर म्हणाला.

त्यावरून गोष्टी निघाल्या. मी वही काढली. बोकडांची गोष्ट मला त्याच्या तोंडून हवी होती. चौक्यांवर ताजं मांस मिळावं म्हणून जिवंत बोकड छत्रीला बांधून सोडायचे, तो काळ होता. एकदा भोईरने बारा बोकड सोडले आणि चौकीवरून बिनतारी निरोप आला, 'अकरा मिळाले, बारावा पळाला.' आठ दिवसांनी पुन्हा निरोप आला की बारावा आपणहून परत आलाय, पण आता जवानांना त्याचा लळा लागलाय, तेव्हा त्याच्यासाठी चारा पाठवा.

"आनि आपन चारा टाकला," भोईर म्हणाला. "त्या बोकडाला रसद जायाची. हे लिव."

मी लिहिलं. मग पुरातून आणलेल्या बाईची गोष्ट. विमानात एकोणीस माणसं चढवली होती आणि उतरवली वीस. खाली कागद घेऊन उभा असलेला माणूस ऐकेना. यादीत एकोणीसच आहेत, विसावा कुठून आला, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. शेवटी लीलावहिनींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, विमानातच जन्मलेली पोर भोईरने त्याच्या हातात ठेवली. ते लुगडं भोईर आपल्या पिशवीला आतून शिवून वापरायचा आणि बाळंतपणात ते टराटरा फाडलं होतं.

"माजं लुगडं त्या दिशी गेलं," वहिनी म्हणाल्या. "मना सांगलं, तळावर चोरी झाली."

ऋतुजा हसता हसता उठली, ब्रेक संपला होता. ती गेली, वहिनी भांडी घेऊन आत गेल्या आणि ओटीवर आम्ही दोघेच उरलो. आता बोललो नाही तर राहून जाईल, असं मला वाटलं. मी वही मिटली.

"नामदेव, मी बोकडांसाठी आलेलो नाही."

"म्हायती हाय मना."

"तो दोर. चौकशीत तू सांगितलंस की स्वतःच्या मनाने कापलास. तसं नव्हतं. मी ओरडलो होतो, काप म्हणून. तो हुकूम माझा होता आणि मी गप्प बसलो. कोर्स जाईल म्हणून गप्प बसलो. ते मी आता पुस्तकात लिहिणार आहे. छापायच्या आधी तुला सांगायला आलो."

मी हे वाईपासून पाठ करत आलो होतो.

भोईरने अडकित्ता घेतला आणि सुपारी कातरली. मग म्हणाला, "ओरडला व्हतास तू?"

"हो."

"मना न्हाय ऐकू आलं."

त्याने सुपारीचं एक खांड माझ्यापुढे धरलं.

"चार इंजिनं, मागचं दार उगडं, कानात वारा. तू तिकडं दारात, मी तिकडं शेपटीत. काय ऐकनार? मना दिसलं, खेप अडाकली, नाक वर चाललंय. मी कापला. चौकशीत मी खोटं बोललोच न्हाय. चाळीस वरसं तू उगाच वज्जं घेऊन फिरतंस."

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट थोडा रागच आला. एवढ्या वर्षांचं माझं दुःख त्याने सुपारीसारखं कातरून टाकलं होतं.

"तू मला बरं वाटावं म्हणून म्हणतोयस," मी म्हटलं.

"बरं. चल दाकवतो."

त्याने चपला घातल्या. रिक्षाने आम्ही भिवंडीत गेलो, तिथून एका अरुंद गल्लीत. गल्लीच्या तोंडापासूनच तो आवाज सुरू झाला. यंत्रमागांचा, खटखट खटखट. आधी कानात, मग पायांत, मग दातांत. भोईरचे मित्र नसीमभाई तिथल्या एका कारखान्यात मास्टर आहेत. उत्तर प्रदेशातून तरुणपणी आले आणि इथलेच झाले. पासष्टीचे असतील, अंगभर कापसाची पांढरी लव. भोईरने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी समजावलं. नसीमभाईंनी मान हलवली आणि मला एका टोकाच्या लूमपाशी उभं केलं. भोईर दुसऱ्या टोकाला गेला, माझ्याकडे पाठ करून. मधे दहा-बारा लूम एकदम चालत होते. अंतर साधारण आमच्या विमानाएवढंच असेल.

भोईरने मागे न बघता हात वर केला. म्हणजे ओरड.

मी ओरडलो, "काप."

मला माझाच आवाज ऐकू आला नाही. भोईर जागचा हलला नाही. मी पुन्हा ओरडलो. तिसऱ्यांदा ओरडलो, तेव्हा मला खोकला लागला. भोईर वळला, माझा चेहरा बघितला आणि दोन्ही हात पसरले, बघ, सांगितलं नव्हतं?

बाहेर गल्लीत आलो. नसीमभाईंनी चहा मागवला. माझ्या कानांत अजून खटखट चालूच होती. भोईर विजयी मुद्रेने बशीत चहा ओतत होता. तेवढ्यात नसीमभाई मला म्हणाले, "भाईजान, आप तीन बार 'काप' बोले ना?"

मी कप खाली ठेवला. "तुम्हाला ऐकू आलं?"

"सुनाई किसको देता है यहाँ," ते हसले. "होंठ देखा. लूम पे काम करनेवाला आदमी कान से नहीं सुनता, आँख से सुनता है. दो महीने में सीख जाता है. मालक एक कोने से गाली दे तो दूसरे कोने में समझ आती है."

मी भोईरकडे बघितलं. बावीस वर्षं नसेल, पण तेरा-चौदा वर्षं तो त्या विमानाच्या पोटात काम करत होता. तिथेही कुणाचं कुणाला ऐकू येत नसे. हातवारे आणि ओठ यांवरच सगळं चाले. हे मला आधी सुचायला हवं होतं.

"नामदेव," मी विचारलं, "त्या वेळी तुझी पाठ माझ्याकडे होती की तोंड?"

भोईरने बशी तोंडाला लावली. संपूर्ण चहा संपेपर्यंत ती खाली आणली नाही. मग उठला आणि म्हणाला, "नसीमभाई, नानखटाई कुटं चांगली भेटते? लीलाला न्यायाची हाय."

संध्याकाळी ओटीवर बसून मी ते पान लिहिलं. दिवेलागणीची वेळ होती. वहिनी वालाच्या शेंगा सोलत होत्या, ऋतुजा शिफ्ट संपवून आली होती आणि जाकीट काढून पायरीवर बसली होती. लिहून झाल्यावर मी मोठ्याने वाचून दाखवलं. अडकलेली खेप, वर उठणारं नाक, समोरचा कडा आणि पट्टा सोडून उघड्या दारापाशी गेलेला लोडमास्टर.

वहिनींचे हात थांबले. "पट्टा सोरला व्हता?"

भोईरने टोपलीतली एक शेंग उचलली आणि सोलायला लागला.

"मना सांगलं, सामान पडलं म्हनून साहेब रागावला. पट्टा सोरला हे कुनी सांगलं नव्हतं."

"आता सांगलं ना," भोईर पुटपुटला.

"सोताच्या आवशीला (आईला) पन न्हाय सांगलं," वहिनी म्हणाल्या आणि सोललेल्या शेंगांची टोपली घेऊन आत गेल्या. थोड्या वेळाने आतून नाक ओढल्याचा आवाज आला. भोईर उठून गेला. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाहेर आला तेव्हा त्याचाही चेहरा ओला होता आणि हातात आम्हा तिघांसाठी नानखटाई होती.

ऋतुजा मला हळूच म्हणाली, "काका, आम्ही सगळे त्यांना चिडवायचो. पायलट म्हणायचो, कारण ते पायलट नव्हते म्हणून. ते नुसतं सामान चढवायचे, असंच आम्हाला वाटायचं."

"तूही सामानच चढवतेस की," मी म्हटलं.

"हो, पण माझा ट्रक जमिनीवर असतो."

पानावरून आमचं थोडं भांडणही झालं. भोईरचं म्हणणं, माझं ओरडणं काढून टाक. त्याला ऐकू आलंच नाही, मग ते घडल्यासारखं का लिहायचं? माझं म्हणणं, मी ओरडलो हे घडलंच आहे. शेवटी तो म्हणाला, "तुजं तू लिव, माजं मी सांगलं तसं लिव. आनि तो घाईचा शब्द काड."

'घाई' मी त्याच्यासमोर खोडली. दोनदा रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतुजाने मला कामावर जाण्याआधी कोनपर्यंत सोडलं. वहिनींनी सुकटीची पुडी दिली होती. ती चार पिशव्यांत बांधूनही एसटीत तिचा वास सुटलाच. शेजारच्या बाईंनी दोनदा माझ्याकडे बघितलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, "सुकट कुठून आणलीत?" पुण्यापर्यंत त्यांच्याकडून मी ती भाजायच्या तीन पद्धती शिकलो. घरी आल्यावर बापट गुरुजी भेटले. त्यांना म्हटलं, सगळे ठणठणीत आहेत. या वेळी त्यांचा विश्वास बसला.

पान नीट अक्षरात उतरवून मी भोईरला टपालाने पाठवलं. आठवड्याने त्याचा फोन आला.

"भेटलं," तो म्हणाला. "झ्याक हाय."

"काही बदलायचं आहे?"

"न्हाय." मागे कुठेतरी ट्रक रिव्हर्स घेत असल्याचा आवाज येत होता. "साठे, तुना एक सांगू? चौकशीच्या वक्ताला मी सारका तुज्याकडं बघत व्हतो. मना भ्या वाटत व्हतं."

"कशाचं?"

"हा येडा आता तोंड उगडतो कं काय. म्हंजे दोगांच्या कागदावर शेरा. तुजा कोर्स जाईल, माजा शेरा काय पुसनार न्हाय. कुनाचं भलं?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं. मी ओरडलो ते."

"मना ऐकू न्हाय आलं," भोईर ठामपणे म्हणाला. "तसंच छाप." आणि घरचे जेवायला थांबलेत म्हणून त्याने फोन ठेवला.

मी तसंच छापायला दिलं. आमच्या स्क्वाड्रनच्या पुस्तकात त्या पानाच्या शेवटी आता अशी तीन वाक्यं आहेत: 'साठे म्हणतो, मी काप असं ओरडलो. भोईर म्हणतो, मला ऐकू आलं नाही. दोर भोईरने कापला आणि विमानातली सगळी माणसं जिवंत परत आली.' इतिहास लिहायला बसलेल्या माणसाने ज्याचं त्याने सांगितलं तसं लिहावं, म्हणून मी फोनवरचं बोलणं पुस्तकात घेतलं नाही. इथे लिहिलं, कारण भिवंडीला जाऊन येण्याची ही हकिगत माझी आहे आणि तिथून मी काय घेऊन आलो ते घरच्यांना सांगायला हवं.